बुद्वार फोटोग्राफी सुरू करताना: पोर्ट्रेट फोटोग्राफर्सकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात पोर्ट्रेट करते आणि गेली काही वर्षं बुद्वारही. कार्यशाळा संपल्यावर दाराशी थांबून, फोनवर, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते एका जागी लिहिले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कायद्याचं जे लिहिलं आहे ते रोजच्या कामापुरतं आहे. करारनामा मात्र एकदा वकिलाकडून वाचून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

१. बुद्वार म्हणजे नेमकं काय? कपडे न घालता काढलेले फोटो का?

नाही. बुद्वार हा फ्रेंच शब्द. अठराव्या शतकातल्या श्रीमंत घरांत बाईची स्वतःची खासगी खोली असे, तिचं हे नाव. रुसणं, फुरंगटणं अशा अर्थाच्या क्रियापदावरून ते आलं, म्हणजे जवळजवळ आपलं कोपभवनच. त्या खोलीत, कुणी बघत नसताना बाई जशी वावरते, तसे तिचे फोटो तिच्या स्वतःसाठी काढायचे, एवढाच याचा अर्थ. ती साडीत असेल, परकर-पोलक्यात, ढगळ पांढऱ्या शर्टात, अंतर्वस्त्रांत किंवा नुसती चादर लपेटून. अंगावर किती कपडे असावेत हे ती ठरवते. माझ्याकडच्या शूटमध्ये पूर्ण नग्न चित्रण फार थोडं असतं.

हे सगळं परदेशातून आलं असं वाटत असेल तर अजिंठ्याचं १७ क्रमांकाचं लेणं बघून या. तिथे आरशात बघून शृंगार करणारी स्त्री आहे. तिच्या मानेचा कल आणि कमरेचा बाक बघा, पोजचा पहिला धडा तिथेच मिळतो.

२. मी पाच वर्षं लग्नं आणि पोर्ट्रेट करतेय. मला नव्यानं काय शिकावं लागेल?

उजेड तुम्हाला येतो, माणसांशी बोलणंही येतं. नव्यानं शिकायच्या गोष्टी दोन. पहिली, जिला कॅमेऱ्याची सवय नाही आणि जी आज स्वतःच्या शरीराकडे पहिल्यांदाच नीट बघणार आहे, तिला उभं कसं करायचं (प्रश्न १२). दुसरी, काढलेले फोटो राखायचे कसे (प्रश्न १५). लग्नाच्या शूटची हार्ड डिस्क हरवली तर भांडण होतं. ही हरवली तर कुणाचं तरी घर मोडू शकतं. हे पेलणार नसेल तर या कामात पडू नका, असं मी कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांतच सांगते.

३. नवीन लेन्स, लाइट घ्यावे लागतील का?

बहुतेक नाही. फुल फ्रेमवर ५० आणि ८५ मिलिमीटरच्या एफ/१.८ लेन्सवर सगळं होतं. खोली लहान असेल तर ३५ लागेल, पण ती घेऊन जवळ जाऊ नका, पुढे आलेला हात किंवा गुडघा बेढब मोठा दिसतो. उत्साहानं एफ/१.४ वर काढलेल्या फोटोत पापणी स्पष्ट आणि दुसरा डोळा धूसर येतो, म्हणून एफ/२ ते एफ/२.८ ठेवा.

खोलीतली ट्यूब आणि दिवे आधी बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळा उजेड एकाच गालावर आले की एडिटिंगमध्ये डोकं आपटून घ्यायची पाळी येते. टेबललॅम्प मुद्दाम हवा असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्याहून वेगळ्या शटरला स्वस्त एलईडी दिव्यांचे पट्टे उमटतात. भिंत लाल किंवा पोपटी असेल तर तिचा रंग कातडीवर उतरतो, मध्ये पांढरी चादर टांगा.

पैसे खर्च करायचेच असतील तर पांढऱ्या मलमलीचा झिरझिरीत पडदा, थर्माकोलचा एक पांढरा बोर्ड आणि तेवढंच काळं कापड घ्या. पांढऱ्यानं सावली उघडते, काळ्यानं गडद होते.

४. माझ्याकडे दहा बाय बाराची एकच खोली आहे. चालेल का? की हॉटेल घ्यावं?

चालेल. खिडकी मोठी हवी, समोरच्या इमारतीतून आत दिसता कामा नये आणि दाराला आतून कडी हवी. पलंग खिडकीला समांतर, तिच्यापासून तीन-चार फुटांवर ठेवा. कपडे बदलायला वेगळी जागा लागतेच, निदान न्हाणीघर तरी. स्टुडिओत सीसीटीव्ही असेल तर तो क्लायंटच्या डोळ्यांदेखत बंद करा आणि तिला तसं सांगा.

हॉटेल घेताना व्यवस्थापकाला शूटची कल्पना देऊन लेखी परवानगी घ्या. लपवून केलेल्या शूटमध्ये दारावर टकटक झाली की क्लायंटच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरतं, ते दिवसभर परत येत नाही. कुठे छुपा कॅमेरा नाही ना, यासाठी स्मोक डिटेक्टर, आरसा, चार्जर, घड्याळ हे सगळं ती येण्याआधी तपासा.

५. पहिले फोटो कुणाचे काढू? एक मैत्रीण फुकटात तयार आहे.

मैत्रिणीपासून सुरुवात करू नका. मैत्रीण नाही म्हणायला संकोचते आणि उद्या मैत्री बिनसली तर तुमचा पोर्टफोलिओच अडचणीत येतो. दोन-तीन व्यावसायिक मॉडेल ठरवा, त्यांना पैसे द्या, फोटो कुठे कुठे दाखवणार ते लिहून सही घ्या. पैसे दिले की नातं स्वच्छ राहतं. एक मॉडेल तिशीच्या पुढची आणि भरल्या अंगाची असू द्या, कारण तुमच्याकडे येणाऱ्या बायका तशाच असणार आहेत. नुसत्या सडपातळ विशीच्या मुलींचे फोटो लावून बसलात तर बाकीच्या दारातूनच परत जातील.

आणि एकदा स्वतः कॅमेऱ्यापुढे बसा. दुसऱ्या फोटोग्राफरला पैसे देऊन स्वतःचं शूट करून घ्या. समोरून 'छान, छान' येत असताना आपले हात कुठे ठेवावेत हे कळत नाही, ती अवस्था अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही.

६. पहिल्या फोनवर काय बोलायचं? मलाच लाज वाटते.

तुम्ही लाजलात तर ती अपराधी होते. डॉक्टर बोलतात तसं सरळ बोला. मी चार गोष्टी विचारते: हे फोटो कुणासाठी, घरात कुणाला माहीत आहे, काय अजिबात दाखवायचं नाही, आणि कुठल्या नंबरवर कधी मेसेज केलेला चालेल. शेवटचा प्रश्न फार जपून विचारा. एकत्र कुटुंबात फोन चार जण उघडतात. 'उद्याचं शूट नक्की ना' हा मेसेज सासूच्या हाती पडला तर निस्तरावं तिला लागतं. मी 'भेट' एवढाच शब्द वापरते.

अहो-जाहोनंच बोला. ती 'अगं' म्हणायला लागली तर तुम्हीही म्हणा, पण सुरुवात तिच्याकडून होऊ द्या. 'पोरी', 'डार्लिंग' नको.

७. करारनाम्यात काय लिहू? संमतीपत्र वेगळं का घ्यायचं?

करारनामा कामाचा: वेळ, पैसे, किती फोटो, कधी देणार, फाइल्स किती दिवस ठेवणार, केव्हा मिटवणार. संमतीपत्र फोटो इतरांना दाखवण्याचं. दोन्ही एका कागदावर घातले की ती एका सहीत नको त्यालाही हो म्हणून जाते.

माझ्या संमतीपत्रात तीन चौकोन आहेत. एक, फोटो कुठेही दाखवायचे नाहीत. दोन, चेहरा आणि ओळखीच्या खुणा वगळून दाखवले तर चालतील. तीन, चेहऱ्यासह चालतील. पहिल्यावर आधीच खूण असते, बदलायचं असेल तर तिनं खाडाखोड करून सही करायची. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी कसलीही सवलत देत नाही. 'फोटो वापरू दिले तर वीस टक्के कमी' हे मी एकेकाळी केलं आणि बंद केलं, कारण पैशांची ओढाताण असलेल्या बाईचा होकार त्यामुळे खरा उरत नाही. सही शूटच्या दिवशी घेतली तरी फोटो बघून झाल्यावर पुन्हा विचारते. तेव्हाचं उत्तर पक्कं धरते.

८. फोटो मी काढले, मग कॉपीराइट माझाच ना?

इथे बरेच जण चुकतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असं आहे, की मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक ती सांगणारी व्यक्ती. म्हणजे करारात काही लिहिलं नाही तर मालकी तुमची नाही. परदेशी वेबसाइटवरचा करार उतरवून काढलात तर हा मुद्दा सुटतो. बुद्वारमध्ये मी मालकी क्लायंटच्या नावानंच लिहून देते. मग पैसे तिच्याऐवजी दुसऱ्यानं दिले तर? ते प्रश्न १९ मध्ये.

९. पण हे कायदेशीर आहे का? पोलीस आले तर?

प्रौढ व्यक्तीच्या संमतीनं, बंद खोलीत, तिच्यासाठी फोटो काढणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो तो संमती नसताना काढण्यानं आणि पसरवण्यानं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६६ई बघा: संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागाचा फोटो काढणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातल्या व्याख्येत अंतर्वस्त्रानं झाकलेला भागही येतो, त्यामुळे 'कपडे होते की' ही पळवाट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ पुढे जाऊन सांगतं, की स्त्रीनं फोटो काढायला संमती दिली पण इतरांना दाखवायला दिली नाही, तर पसरवणं हा गुन्हाच. संमतीपत्र वेगळं ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी बाजू अश्लीलतेची. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली. फोटो नग्न आहे एवढ्यानंच तो अश्लील ठरत नाही, आजच्या समाजाच्या मापानं आणि संदर्भासह तो बघायचा, असं सांगितलं. त्याच्या जोरावर बेफिकीर होऊ नका. इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलम ६७ आणि ६७ए आहेत, शिवाय स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा. खोलीतलं काम आणि जाहीर केलेलं काम यांना दोन वेगळी मापं लावा.

१०. मी पुरुष आहे. मी हे काम करू शकतो का?

करू शकता, पण खोलीत तुम्ही आणि ती असे दोघंच कधीही नाही. स्त्री मदतनीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवी, चहा आणायलाही ती बाहेर जाणार नाही. क्लायंटला मैत्रीण, बहीण आणायची असेल तर आणू द्या.

स्पर्श नाही. खांद्यावरचा पट्टा सरकवायचा, बट बाजूला करायची, तरी तोंडानं सांगा किंवा स्वतः करून दाखवा. शरीराबद्दल शेरा नाही, कौतुकाचासुद्धा. 'उजेड गळ्यावर सुंदर पडलाय' म्हणा, 'गळा सुंदर आहे' म्हणू नका. यातलं एकही कलम पुरुषांपुरतं नाही, मी बाई असूनही हेच पाळते.

११. क्लायंटला आदल्या दिवशी काय सांगू?

वॅक्सिंग, थ्रेडिंग दोन दिवस आधी, त्याच दिवशी नको, लाली उतरत नाही. येताना सैल कपडे, कारण इलॅस्टिकचे वळ जायला तास-दीड तास लागतो. हातातलं घड्याळ, केसांचं रबर, सॉक्स यांचेही वळ उठतात. जेवून या म्हणावं, रिकाम्या पोटी तीन तासांचं शूट झेपत नाही. घरातलं जुनं काहीतरी आणायला सांगा: आईची नथ, कंबरपट्टा, लग्नातला शालू. विकत आणलेल्या लेसच्या सेटपेक्षा त्यात ती जास्त तिची दिसते, असा माझा अनुभव आहे.

पाळी, ताप, आदल्या रात्रीचं भांडण, कुठल्याही कारणानं तारीख बदलायची असेल तर एकदा बिनपैशांनी बदलून द्या.

१२. कॅमेऱ्यासमोर सगळ्या अवघडतात. पोज कशा द्यायच्या?

पोज देऊच नका, काम द्या. 'हात वर, मान डावीकडे' सुरू केलंत की ती कवायत करायला लागते. मी म्हणते, केस मोकळे सोडा आणि पुन्हा अंबाडा घाला. अंबाड्याची शेवटची पीळ घेताना कोपर वर जातं, पाठ ताणली जाते, मान आपोआप झुकते आणि नजर खाली येते. त्या दोन सेकंदांत चार फोटो मिळतात. आणखी अशी कामं: पैंजणाची कळ लावणं, निऱ्या चापून पुन्हा सोडणं, मंगळसूत्र दातांत धरून मागचा हुक काढणं, खिडकीचा पडदा बोटभर बाजूला करून खाली रस्त्यावर बघणं. ही तिची रोजची कामं आहेत, शरीराला ती पाठ असतात.

मग बारीक दुरुस्त्या. बोटं आवळली की सगळं आवळलेलं दिसतं, तेव्हा सांगा, दुधावरची साय उचलता तशी बोटं ठेवा. हे वाक्य मला एका क्लायंटनंच दिलं. हात अंगाला चिकटू देऊ नका, मध्ये दोन बोटं उजेड दिसला पाहिजे. वजन मागच्या पायावर. कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठं दिसतं, म्हणून चेहरा आणि खांदे पुढे, कंबर थोडी मागे. ओठ मिटलेले असतील तर तोंडानं हळू श्वास सोडायला सांगा, जबडा सैल होतो.

पहिली वीस मिनिटं पूर्ण कपड्यांत काढा. त्यातला एक चांगला फोटो कॅमेऱ्याच्या मागे दाखवा. बहुतेक जणी क्षणभर गप्प होतात आणि 'ही मी?' म्हणतात. खरं शूट तिथून सुरू होतं. पहिल्या वीस मिनिटांतला वाईट फोटो मात्र चुकूनही दाखवू नका.

आणि पाठीवर पडलेलीला वरून फोटो काढायला स्टुलावर चढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाला. कॅमेरा हातून सुटला तर थेट तिच्या अंगावर पडतो.

१३. 'पोट कमी करा, थोडी गोरी करा' म्हणतात. रिटचिंग किती करायचं?

माझी रेघ अशी: पंधरा दिवसांत जे जाईल ते मी काढते, जे राहणार ते ठेवते. पुटकुळी, वळ, खरचटलेलं काढते. तीळ, सिझेरियनचा व्रण, पोटावरच्या रेषा ठेवते, तिनं सांगितल्याशिवाय हात लावत नाही. तिनं सांगितलं तर मऊ करून देते, शरीर तिचं आहे.

रंग उजळून देत नाही. सावळ्या कातडीला एक्स्पोजर नीट दिलं आणि खिडकीचा उजेड तिरका घेतला की गालाच्या हाडावर जी चमक येते ती गोरं करण्याच्या नादात मरते. शूटच्या आधीच तिचाच न उजळलेला चांगला फोटो दाखवला की ही मागणी बऱ्याचदा येतच नाही. 'बारीक झाले की येईन' म्हणणारीला आग्रह करू नका, तारीख मोकळी ठेवा एवढंच म्हणा.

१४. क्लायंटला चेहरा अजिबात नको आहे. मग उरतं काय?

भरपूर. पाठ, मान, बांगड्यांचा हात, ओले केस, पडद्याआडची आकृती. फक्त 'चेहरा नाही' म्हणजे 'ओळख नाही' असं समजू नका. गोंदण, तीळ, अंगठी, घरातली चादर, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी यावरूनही ओळख पटते. यादी शूटच्या आधी तिच्याबरोबर करा.

१५. फाइल्स कशा जपायच्या? मी सगळं गूगल ड्राइव्हवर ठेवतो.

आधी माझी चूक सांगते. सुरुवातीच्या एका शूटमध्ये मी पडद्यामागचा एक फोटो फोनवर काढला. फोन आपोआप बॅकअप घेत होता. दोन दिवसांनी घरच्या टॅबलेटवर स्लाइड शोमध्ये तो फोटो माझ्या वडिलांच्या समोर आला. चेहरा दिसत नव्हता, तरी मी क्लायंटला त्याच दिवशी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'सांगितलंत हे बरं केलंत', आणि तिनं आपले सगळे फोटो मिटवायला लावले. तेव्हापासून शूटच्या खोलीत माझा आणि मदतनिसाचा फोन बंद डब्यात असतो.

आताची पद्धत अशी. कॅमेऱ्याचं वायफाय बंद. कार्डावरून फोटो थेट एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर, विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, आणि दुसरी प्रत तशाच दुसऱ्या डिस्कवर, ती वेगळ्या ठिकाणी कुलपात. फोल्डरवर नाव नाही, क्रमांक. क्रमांकाची वही कागदाची, वेगळ्या कपाटात. एडिटिंग बाहेर देत नाही. फोटो इंटरनेटवर चढवून काम करणारी एआय साधनंही या फाइल्सना लावत नाही. लॅपटॉप दुरुस्तीला जाताना डिस्क काढून घेते. कार्ड नुसतं फॉरमॅट केलं तर फोटो परत काढता येतात, म्हणून त्यावर पुन्हा पूर्ण भरेपर्यंत लिहून मग पुसते, आणि ही कार्डं लग्नाच्या कामाला वापरत नाही.

देताना पेन ड्राइव्ह हातात, किंवा पासवर्ड आणि मुदत असलेली गॅलरी. 'लिंक असेल तो कुणीही बघेल' असा ड्राइव्ह फोल्डर नाही. व्हॉट्सॲपवर एकही फोटो नाही, तिनं मागितला तरी, कारण तो तिच्या फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो आणि फोन मुलं खेळायला घेतात. फोटो दिल्यानंतर ९० दिवसांनी सगळं मिटवते आणि 'मिटवलं' असा मेसेज ठरलेल्या शब्दांत पाठवते.

१६. अल्बम लॅबमध्ये द्यायचा की नाही?

एका लॅबनं माझ्या क्लायंटच्या अल्बमचं एक पान नमुना म्हणून काउंटरवर ठेवलं होतं. छपाईचा दर्जा उत्तम होता म्हणून, असं कारण त्यांनी दिलं. तेव्हापासून मी लॅबकडून लेखी घेते: जादा प्रत नाही, फाइल छपाईनंतर मिटवायची, खराब निघालेले कागद मला परत. समोर उभी राहून छापून घेते. छोट्या मापासाठी घरचा पिगमेंट इंकचा प्रिंटर परवडतो. अल्बमच्या कव्हरवर नाव नको.

१७. पैसे किती घ्यायचे?

तास मोजा. बोलणं-भेट २, तयारी १, शूट ३, निवड २, वीस फोटोंचं रिटचिंग प्रत्येकी वीस मिनिटं धरून ७, दाखवणं आणि अल्बम २. एकूण १७ तास. त्यावर स्टुडिओचं भाडं, मेकअप, मदतनीस, अल्बम. या हिशेबात पुण्यात पंधरा-वीस हजारांच्या खाली हे काम नीट होत नाही, असं माझं मत आहे. निम्मे आगाऊ घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो, १८ टक्के, तो दरात आधीच धरा. बिलावर 'पोर्ट्रेट फोटोग्राफी' एवढंच लिहा, ते खरंच आहे आणि बिल घरी सापडू शकतं.

फोटो बघताना ती भावुक होते. त्याच क्षणी महागडा अल्बम पुढे सरकवण्याची विक्रीची पद्धत शिकवली जाते. मी दर आधी सांगते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी घेते.

१८. इन्स्टाग्रामवर काय टाकू? फोटो टाकले नाहीत तर काम कसं येणार?

पैसे दिलेल्या मॉडेलचे फोटो (प्रश्न ५), रिकाम्या खोलीतला उजेड, आरशासमोर ठेवलेली नथ, आणि तुम्ही फाइल्स कशा जपता त्याचं वर्णन. माझ्याकडे जास्त चौकश्या या शेवटच्या मजकुरानं आल्या. नग्नता तिथल्या नियमांत बसत नाही, खातं बंद झालं तर वर्षांची मेहनत जाते. बाकी काम तोंडी पसरतं, हळू पसरतं. पहिलं वर्षभर पोर्ट्रेटचं काम सोडू नका.

१९. नवऱ्यानं वाढदिवसाची भेट म्हणून बुक केलंय, पैसेही तोच देतोय. शूटला यायचं म्हणतो.

पैसे कुणीही देऊ दे, करार तिच्याशी. नाहीतर प्रश्न ८ मधल्या कलमानं 'सांगणारी व्यक्ती' नवरा ठरू शकतो आणि तिच्या शरीराच्या फोटोंची मालकी त्याच्याकडे जाते. पुढे दोघं वेगळे झाले तर याचा अर्थ काय होतो ते बघा. माझ्या करारात 'पैसे कुणीही दिले तरी मालकी आणि निर्णय छायाचित्रित व्यक्तीचा' असं वाक्य आहे. नवऱ्याला ते मान्य नसेल तर मी ॲडव्हान्स परत करते.

तिला एकटीला फोन करून विचारा, तुम्हाला स्वतःला हवं आहे का. उत्तर 'ते म्हणतायत म्हणून' असं आलं तर स्टुडिओला अडचण आली असं सांगून शूट माझ्याकडून रद्द करते, दोष तिच्यावर येत नाही. नवरा शूटच्या वेळी बाहेर थांबतो. तिनं स्वतः आत बोलावलं तर शेवटची पंधरा मिनिटं.

२०. मुलगी साडेसतरा वर्षांची आहे, आई सोबत येते, लेखी परवानगी देते. चालेल?

नाही. १८ पूर्ण नसेल तर आईची, वडिलांची, कुणाचीही संमती चालत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७बी इथे येतं. 'नुसती साडी आहे' म्हणूनही नाही. वय प्रत्येकीचं तपासा, चाळिशीच्या बाईचंही, म्हणजे कुणाला वेगळं वाटत नाही. आधारची झाकलेल्या क्रमांकाची प्रत पुरते.

२१. शूट चालू असताना ती रडायला लागली तर?

कॅमेरा खाली ठेवा, अंगावर घ्यायला चादर द्या, पाणी द्या, गप्प बसा. कारण विचारू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आलेली असेल, बाळंतपणानंतर पहिल्यांदा आरशात बघत असेल. रडतानाचा फोटो 'फार खरा' म्हणून काढू नका, तिनं काढा म्हटल्याशिवाय. थांबायचं म्हणाली तर तिथे थांबा आणि उरलेल्या वेळाचे पैसे घेऊ नका.

२२. सहा महिन्यांनी म्हणते, तिसऱ्या चौकोनावर सही केली होती पण आता सगळं काढा. पैसेही मागते.

पोर्टफोलिओमधून त्याच दिवशी काढा, कारण न विचारता. लग्न ठरलं असेल, नोकरी बदलली असेल. कागद तुमच्या बाजूनं असला तरी वाद घालू नका. झालेल्या कामाचे पैसे परत द्यायचे नाहीत, हे करारात आधीच लिहा. स्पर्धेत किंवा छापील जागी गेलेला फोटो परत येत नाही, म्हणून तिसऱ्या चौकोनाचे फोटोही मी छापायला देत नाही.

२३. फोटो बाहेर गेले तर काय करायचं?

तिला लगेच सांगा, चूक तुमची असो वा नसो. जिथे फोटो आहे त्या पानाचा पत्ता, तारीख आणि स्क्रीनशॉट जपा. त्या प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा, २०२१ च्या नियमांत अशा तक्रारीवर २४ तासांत फोटो काढण्याचं बंधन घातलं होतं, २०२६ च्या दुरुस्तीनं ती मुदत २ तासांवर आणली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे, हेल्पलाइन १९३०. 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा फोटोचा फक्त संख्यात्मक ठसा घेते, फोटो तिच्या फोनमधून बाहेर जात नाही, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो अडवतात. पोलीस चौकीत ती म्हणाली तर सोबत जा. तुमची वही, करारनामा आणि मिटवल्याचे मेसेज तपासात लागतील.

२४. क्लायंट वारली. तिचा नवरा फोटो मागतोय. रडत होता. द्यावेत का?

माझ्यावर ही वेळ आली. तिनं फोनवर सांगितलं होतं, की हे फोटो फक्त तिचे, घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला शूटबद्दल कळलं ते तिच्या डायरीतून. ९० दिवस व्हायला अजून काही दिवस होते, म्हणजे फाइल्स माझ्याकडे होत्या. मी त्याला सांगितलं, की तिनं कुणालाही द्यायची परवानगी दिली नव्हती आणि मी देऊ शकत नाही. तो खूप वेळ फोनवर होता. ठरलेल्या तारखेला मी त्या मिटवल्या.

त्यानंतर करारात एक ओळ वाढवली: 'माझ्या पश्चात हे फोटो ______ यांना द्यावेत / कुणालाही देऊ नयेत.' बहुतेक जणी 'कुणालाही' खाली रेघ मारतात. एकीनं मुलीचं नाव लिहिलं आणि कंसात, ती तीस वर्षांची झाल्यावर. तो अल्बम तिनं बंद पाकिटात वकिलाकडे ठेवला आहे.